काळी, पांढरी आणि होलाशोव्हित्से

चेक देशाच्या दक्षिण बोहेमियात, चेस्के बुद्येयोव्हित्से या शहराच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर होलाशोव्हित्से नावाचं खेडं आहे. वस्ती दीडशेच्या आसपास. गावाला स्वतःची पंचायतसुद्धा नाही. कारभार शेजारच्या यांकोव्हमधून चालतो. मधोमध सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असं हिरवं पटांगण, त्यात एक तळं, एक लोहारशाळा, एक चिमुकलं प्रार्थनामंदिर, आणि पटांगणाकडे तोंड करून उभी असलेली शेतकऱ्यांची घरं. एवढं सगळं एका नजरेत मावतं. १९९८ साली युनेस्कोनं हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथे राजवाडा नाही, तटबंदी नाही, यात्रेकरूंची रीघ लागेल असं देवस्थान नाही. एका साध्या शेतकरी गावाला तो मान मिळाला.

चेक खेड्याचा भूगोल आणि इतिहास या विषयाकडे वळू पाहणाऱ्या वाचकाला मी सर्वांत आधी याच गावाच्या वेशीवर नेईन. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, आणि भोवतालची काळी, म्हणजे शेतजमीन, ही जोडी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. होलाशोव्हित्सेत ही जोडी मोठी विलक्षण गोष्ट सांगते. गेल्या साडेसातशे वर्षांत इथली माणसं दोनदा जवळजवळ पूर्णपणे बदलली: एकदा रोगराईनं, एकदा महायुद्धानंतरच्या हकालपट्टीनं. पण तेराव्या शतकात पडलेली पांढरीची आखणी जागची हलली नाही. वंश तुटले आणि आराखडा टिकला. म्हणून या अभ्यासात भूगोल हा इतिहासाच्या आधी जोडायचा वीस पानांचा परिचय नसतो. जमीन हाच इथला सर्वांत जुना दस्तऐवज आहे, आणि बाकीची कागदपत्रं त्याच्यावरचं भाष्य म्हणून वाचावी लागतात.

तेव्हा जमिनीपासूनच सुरुवात करू. गावाच्या आग्नेयेला ब्लान्स्की लेस ही डोंगररांग आहे. तिचं सर्वोच्च शिखर क्लेत, उंची १०८४ मीटर. हा डोंगर ग्रॅन्युलाइट नावाच्या कठीण, फिकट रंगाच्या खडकाचा आहे आणि त्यावर दाट जंगल आहे. दुसऱ्या बाजूला, ईशान्येकडे, जमीन उतरत जाते ती बुद्येयोव्हित्सेच्या सखल खोऱ्यात. तिथे माती आणि वाळूचे थर, पाणी धरून ठेवणारी ओलसर कुरणं, आणि माशांसाठी माणसांनी बांधलेली तळी. होलाशोव्हित्से या दोन मुलखांच्या सांध्यावर बसलं आहे. डोंगराकडून लाकूड आणि दगड, खोऱ्याकडून गवत, आणि मधल्या उतारावर राय आणि ओट पिकतील अशी नांगरट. फार सुपीक नाही, पण कसेल त्याला उपाशी ठेवणार नाही, अशी ही जमीन. अशा सांध्यावरच्या गावांची एक ओळ या भागाच्या नकाशावर दिसते, आणि ती दिसू लागली की जुन्या वसाहतकारांची नजर किती नेमकी होती ते कळतं.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा. तो काळ बोहेमियात नव्या गावांच्या वसाहतीचा होता. राजे, सरदार आणि मठ जंगलं मोकळी करवून घेत होते. त्यासाठी एक मध्यस्थ नेमला जाई. तो माणसं जमवी, जमीन मोजून वाटे, आणि मोबदल्यात स्वतः मोठा हिस्सा किंवा काही हक्क मिळवी. कुळांना ठरलेल्या साऱ्यावर वंशपरंपरेनं कसायला जमीन मिळे. जमिनीचं माप ‘लान’. ते जागोजागी वेगळं असलं तरी ढोबळमानानं अठरा हेक्टर धरतात. अशा आखीव गावांमध्ये मधलं पटांगण, ज्याला चेक लोक ‘नावेस’ म्हणतात, आधी ठरे. त्याभोवती घरांच्या अरुंद पण खोल पट्ट्या पडत. पुढे घर, मागे गोठे, त्यामागे धान्याचं कोठार, मग परसबाग, आणि तिच्यापलीकडे शेतं. १२९२ मध्ये राजा दुसरा व्हाक्लाव्ह यानं होलाशोव्हित्से व्हिश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन मठाला दिलं. १८४८ पर्यंत, म्हणजे साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ, गावाचा धनी हा मठच राहिला. गाव इतकं दीर्घकाळ एकाच हाती राहिलं, हे आराखडा टिकण्याचं एक कारण मानायला हरकत नाही.

१५२० ते १५२५ या काळात प्लेगनं गाव उद्ध्वस्त केलं. दोनच माणसं वाचली, असं नोंदलं गेलं आहे. मठाला सारा हवा होता, म्हणून त्यानं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून गाव पुन्हा भरलं. इथून पुढे होलाशोव्हित्से जर्मन बोलणारं गाव झालं आणि कागदोपत्री ‘होलशोव्हित्स’ या जर्मन रूपानंही ओळखलं जाऊ लागलं. नव्या माणसांनी नवी आखणी केली नाही. मेलेल्यांच्या पट्ट्यांवर, त्यांच्याच घरांच्या जागी, ती राहायला आली.

या घटनेच्या उजेडात दक्षिण बोहेमियातली एक जुनी रीत समजून घ्यावी. तिथे माणूस ज्या घरात नांदायला जाई त्या घराचं नाव त्याला लागे. घरजावई म्हणून गेलेला, विधवेशी लग्न करून तिच्या शेतावर आलेला, किंवा शेत विकत घेतलेला माणूस आपलं जुनं नाव मागे ठेवून शेताचं नाव धारण करी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा योसेफ याच्या सुधारणांनी आडनावं स्थिर केली, तोवर हे सर्रास चालू होतं. वंशावळ शोधणारे नवखे अभ्यासक इथे हमखास अडखळतात: बाप एका नावाचा, मुलगा दुसऱ्या, आणि सख्खे भाऊ तिसऱ्या-चौथ्या. पण एकदा माणसाऐवजी घर धरून चाललं की गाठ सुटते. नाव घराचं होतं. माणसं ते पिढीपुरतं वापरत.

घराची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पटांगणातून पाहिलं की प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन त्रिकोणी माथ्याच्या भिंती शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यांना जोडणारी, कमानीच्या दरवाजाची भिंत. मोठ्या कमानीतून गाडी जाते, लहानीतून माणूस. एका बाजूला राहतं घर. दुसऱ्या बाजूला धान्याची वखार, किंवा म्हाताऱ्या आईबापांची खोली. या खोलीला ‘व्हीमिनेक’ म्हणतात, आणि चेक खेड्याच्या सामाजिक इतिहासात तिच्याइतकी बोलकी जागा दुसरी नाही. शेत मुलाच्या नावावर करताना आईबाप लेखी करार करून घेत. वर्षाला राय किती, गहू किती, गाईचं दूध किती, कोणत्या झाडाची फळं कोणाची, सरपण कोणी फोडून द्यायचं, आणि भांडण झालं तर वेगळी चूल कुठे मांडायची. हे करार जमिनीच्या नोंदवह्यांत उतरवले जात. आईबापांचं पुढे कसं होणार, ही चिंता तिथल्या शेतकऱ्यांनी भावनेवर सोडली नाही. असे करार ओळीनं वाचत गेलं की घरातल्या प्रेमाचा आणि तणावाचा जो हिशेब हाती लागतो, तो कुठल्याही कादंबरीच्या तोडीचा आहे. नव्या अभ्यासकानं एकाच प्रकारचे कागद निवडायचे ठरवले, तर हे निवडावेत असं मी आग्रहानं सांगेन.

बाकीचे बहुतेक कागद सरकारनं स्वतःसाठी तयार केले. तीस वर्षांच्या युद्धानंतर राज्यात कर देऊ शकणारे किती उरले हे मोजण्यासाठी १६५४ च्या सुमारास ‘बेर्नी रुला’ ही करवही सिद्ध झाली. शेतकऱ्याचं नाव, पेरणी, बैल, गाई, मेंढ्या, ओस पडलेली शेतं असा तिचा तपशील. तिच्यात मजूर नाहीत, स्त्रिया विधवा होऊन कर्त्या झाल्या तरच आहेत, मुलं नाहीत. त्याआधीची १६५१ सालची धर्मानुसार केलेली प्रजेची यादी जिथे शिल्लक आहे, तिथे ही उणीव काहीशी भरून निघते. तिच्यात वय, धंदा, आणि कॅथलिक नसलेला माणूस कॅथलिक होण्याची आशा आहे की नाही, हेसुद्धा लिहिलं आहे. मग १७७०-७१ मध्ये मारिया थेरेसाच्या राजवटीत सैन्यभरतीच्या सोयीसाठी घराघराला क्रमांक दिले गेले. तीच पद्धत अजून चालू आहे. नंतर बांधलेल्या घराला पुढचा क्रमांक मिळतो, म्हणून पाच नंबरच्या शेजारी एकेचाळीस नंबर असू शकतो. पाहुण्याला ते गोंधळाचं वाटतं. इतिहासकाराला त्यातून कोणतं घर आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे भिंतीला हात न लावता कळतं.

यानंतर येतो तो नकाशा, ज्याच्यावर माझा जीव आहे. २३ डिसेंबर १८१७ च्या शाही फर्मानानं साम्राज्यातल्या जमिनीच्या एकसारख्या मोजणीला सुरुवात झाली. बोहेमियातली मोजणी १८२६ ला सुरू झाली आणि मध्ये खंड पडून १८४३ ला संपली. तिचं प्रमाण १:२८८०. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब देखणा आहे. व्हिएन्नाच्या मापात एका वावेत ७२ इंच. नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरच्या ४० वावा. चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे १६०० चौरस वावा, हे झालं ‘यित्रो’ हे शेताचं रूढ माप, आजच्या भाषेत अर्ध्या हेक्टरहून थोडं जास्त. म्हणजे नकाशावरचा एक चौरस इंच बरोबर एक यित्रो. मोजणीदाराला कागदावर पट्टी ठेवून शेत मोजता येई. या नकाशांच्या ज्या प्रती व्हिएन्नाला पाठवल्या गेल्या त्या हातानं रंगवलेल्या आहेत. लाकडी, म्हणजे सहज पेटणाऱ्या इमारती पिवळ्या; दगडविटांच्या लाल; कुरणं हिरवी; पाणी निळं. एखाद्या गावाच्या अशा पानावर पिवळे आणि लाल चौकोन मोजले की ते गाव लाकडातून विटेत जाण्याच्या वाटेवर कुठवर आलं होतं, हे समोर उभं राहतं. हेच पान आजच्या उपग्रहचित्रावर ठेवलं तर अनेक गावांत बांध कुठे मोडले गेले तेही दिसतं. होलाशोव्हित्सेत पटांगण, घरांच्या पट्ट्या आणि मागच्या कोठारांची रांग, सगळं जुळतं.

ज्या घरांसाठी आज लोक इथे येतात ती मात्र त्या मोजणीच्या नंतरची. १८४८ मध्ये वेठ संपली, जमीन शेतकऱ्याच्या मालकीची झाली, हाती पैसा खेळू लागला. साधारण १८४० ते १८८० या काळात गावच्या शेतकऱ्यांनी दर्शनी भिंती नव्यानं बांधून घेतल्या: वळणदार माथे, चुन्याची वेलबुट्टी, फिकट रंग, आणि बांधणीचं साल. या शैलीला दक्षिण बोहेमियाची ‘शेतकरी बरोक’ म्हणतात. शहरांतून आणि राजवाड्यांतून बरोक शैली तोवर केव्हाच मावळली होती. गावोगावच्या गवंड्यांनी चर्च आणि मठांच्या भिंतींवर जे पाहिलं होतं ते शंभर वर्षांनी शेतकऱ्याच्या दारात आणलं. पटांगणातलं सेंट यान नेपोमुकचं प्रार्थनामंदिर १७५५ सालचं. घरांचे माथे त्याच्याशी नातं सांगतात. काही कलासमीक्षक याला उशिरा आलेली नक्कल म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची भिंत उभी केली आणि तिच्यावर त्याला माहीत असलेलं सर्वांत भव्य रूप चढवलं. ही राजकीय घटना आहे, आणि ती चुन्यात लिहिलेली आहे.

१८९५ मध्ये गावात १५७ जर्मन आणि १९ चेक राहत होते. पुढचं अर्धशतक काय घेऊन आलं ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषक बाहेर काढले गेले. होलाशोव्हित्सेची घरंही रिकामी झाली. काहींत नवी माणसं आली, बरीच ओस पडली. १९४९ च्या कायद्यानं सहकारी शेतीची सक्ती सुरू झाली; देशभर बांध मोडले, गोठे सामाईक झाले. पुढे सत्तरच्या दशकात सरकारनं काही मोठी गावं केंद्रं म्हणून निवडली आणि बांधकामाचा पैसा तिकडे वळवला; लहान गावं मागे पडली. ज्या गावांत पैसा आला तिथे जुन्या दर्शनी भिंती पाडून सपाट चौकोनी घरं उभी राहिली. जिथे तो आला नाही तिथे भिंती ढासळत, पण उभ्या राहिल्या. १९९० नंतर होलाशोव्हित्सेत डागडुजी सुरू झाली, १९९५ मध्ये ते संरक्षित ग्राम ठरलं, आणि तीनच वर्षांत युनेस्कोची मोहर लागली.

इथे अभ्यासकानं थांबून विचार करावा. आज जे सौंदर्य आपण पाहतो ते ज्यांनी घडवलं त्यांच्या नातवंडांना ते सोडून जावं लागलं, आणि ते टिकलं ते बऱ्याच अंशी त्या रिकामेपणामुळे. माहितीपत्रकांत हे एका ओळीत उरकलं जातं. या विषयात पाऊल टाकणाऱ्यानं ती ओळ उघडून पाहिली पाहिजे. युद्धातले अत्याचार विसरून हकालपट्टीबद्दल बोलणं जितकं चूक, तितकंच हकालपट्टी गाळून वारशाबद्दल बोलणंही चूक.

गावाची जमीन ही गावाची स्मृती असते, हे फार क्रूर रीतीनं सिद्ध करणारं गाव प्रागच्या वायव्येला आहे: लिदित्से. १० जून १९४२ रोजी, नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिखच्या हत्येचा सूड म्हणून, नाझींनी तिथल्या १७३ पुरुषांना एका शेतावर गोळ्या घातल्या. बायकांना छळछावणीत पाठवलं. ८२ मुलांना खेल्म्नो इथे विषारी वायूनं मारलं. माणसं संपवून ते थांबले नाहीत. घरं जाळली, सुरुंगानं उडवली, कबरस्तान उकरलं, तळं बुजवलं, ओढ्याचं पात्र वळवलं, झाडं तोडली. हे काम पुढे कित्येक महिने चाललं. माणसं परत आली तरी त्यांना आपलं गाव ओळखता येऊ नये, अशी ती योजना होती. युद्धानंतर नवं लिदित्से जुन्या जागेला लागून, थोडं वर बांधलं गेलं. जुनी पांढरी मोकळी ठेवली आहे. होलाशोव्हित्सेत आराखडा आहे आणि तो आखणाऱ्यांचे वंशज नाहीत. लिदित्सेत वाचलेल्या बायका आणि सतरा मुलं परतली, आणि आराखडा नव्हता. दोन्ही गावं एकामागून एक वाचावीत असं मला वाटतं.

सरकारी कागदांनी भरलेल्या या क्षेत्रात गावाचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर ग्रामबखरींकडे वळावं लागतं. चेकोस्लोव्हाकियानं स्वतंत्र झाल्यावर दोनच वर्षांत, ३० जानेवारी १९२० रोजी, प्रत्येक गावानं आपली स्मरणवही ठेवलीच पाहिजे असा कायदा केला. नव्या देशानं इतक्या तातडीनं असा कायदा करावा, यात त्याची स्वतःबद्दलची समज दिसते. बखरकार बहुधा शाळामास्तर असे. तो हवामान लिही, पिकाचे भाव लिही, वीज कधी आली, कोणता पूल वाहून गेला, निवडणुकीत कोणाला किती मतं पडली हे लिही. जर्मन ताब्याच्या काळात अनेक ठिकाणी वही थांबली आणि १९४५ नंतर आठवणीनं भरली गेली. पन्नासच्या दशकात कित्येक वह्यांना कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रकाची भाषा चढली. मास्तराची घडी मोडते, वाक्यं ठोकळेबाज होतात, आणि तरी मध्येच एखाद्या उशिरा पडलेल्या कडाक्याच्या थंडीबद्दल तो पूर्वीसारखाच लिहून जातो. अशा जागा शोधायला शिकणं हे या अभ्यासातलं मोठं सुख आहे. २००६ च्या नव्या कायद्यानं बखर ठेवणं गावांवर पुन्हा बंधनकारक केलं आणि नोंदीत दुरुस्ती सुचवण्याचा हक्क रहिवाशांना दिला.

वाट दाखवणारे लोक आधी होऊन गेले आहेत. व्लादिमीर नेकुदा यांनी मोराव्हियाच्या सीमेवरच्या प्फाफेनश्लाग या पंधराव्या शतकात उजाड झालेल्या गावाचं उत्खनन करून घरांच्या जोत्यांवरून मध्ययुगीन खेडं उभं केलं. प्रागच्या विद्यापीठातले थोर इतिहासकार योसेफ पेत्रान यांनी २००१ मध्ये आपल्या जन्मगावाचा, ओउब्येनित्सेचा, सविस्तर सूक्ष्म-इतिहास प्रसिद्ध केला. विद्यापीठात इतिहास शिकवलेल्या माणसानं आयुष्याच्या उत्तरार्धात एका खेड्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहावा, हीच या विषयाच्या योग्यतेची साक्ष.

नव्यानं येणाऱ्याला अडचण येते ती लिपीची. जुने कागद चेकमध्ये असोत वा जर्मनमध्ये, ते ज्या टोकदार, जोडाक्षरी वळणात लिहिले आहेत ते आजच्या चेक किंवा जर्मन माणसालाही वाचता येत नाही. मोडी शिकलेल्या मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही, आणि मोडीइतक्याच चिकाटीनं तेही साधतं. दक्षिण बोहेमियाच्या चर्चनोंदी आणि बखरी त्र्झेबोनच्या अभिलेखागारानं संगणकावर खुल्या केल्या आहेत. घरबसल्या सराव करता येतो. सुरुवात विसाव्या शतकाकडून करावी आणि हळूहळू मागे जावं. अक्षर ओळखीचं होत जातं, आणि गावातली नावंही.

एक साठा मात्र बोहेमियाबाहेर आहे. हाकलले गेलेले जर्मनभाषक बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात स्थायिक झाले आणि त्यांनी आपापल्या सोडलेल्या गावांबद्दल पुस्तकं लिहिली. त्यांत आठवणीनं काढलेले नकाशे असतात, घरक्रमांकानुसार कुटुंबांच्या याद्या असतात, शेतांच्या तुकड्यांची नावं असतात. त्यांत दुःख आहे, काही वेळा कडवटपणा आहे, आणि युद्धकाळाबद्दल मौनही आहे. चेक बखर त्याच घरांबद्दल १९४६ नंतरचं सांगते. घराचा क्रमांक दोन्हीकडे एकच असतो. त्या क्रमांकाखाली दोन्ही बाजूंच्या नोंदी एकत्र मांडण्याचं काम पुष्कळ गावांत अजून कोणी हाती घेतलेलं नाही. त्यासाठी दोन भाषा, एक जुनी लिपी आणि एक नकाशा पुरे. विद्यापीठाची पदवी लागत नाही.